दहावं मत

“‘निर्दोष’चे नऊ झाले. आणखी एक मत हवं,” मॉरीनबाई म्हणाल्या.

ज्यूरीचे बाराही जण सकाळपासून त्या खोलीत बसून होते. एकमत होत नसेल तर दहा जणांचा निकाल चालेल, असं न्यायाधीशांनी जेवणाआधी सांगितलं होतं. खटला साधाच होता. एका मेंढपाळाची रानात फिरायची चार चाकांची मोटारसायकल चोरीला गेली होती. आरोपी शॉन बर्केट, वय अठ्ठावीस, शेतांचे दगडी बांध रचणारा गवंडी. मेंढपाळाच्या शेजारणीने अंधारून येताना शेताच्या दुसऱ्या टोकावरून त्याला गाडी नेताना पाहिलं, असं तिचं म्हणणं होतं. पाठमोरा. दुसरा पुरावा नव्हता.

पहिल्या फेरीत आठ जणांनी ‘दोषी’ म्हटलं होतं. त्यातले पाच मॉरीनबाईंनी एकेक करून वळवले. त्या त्रेसष्ट वर्षांच्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या. कधी आवाज चढवायच्या नाहीत. म्हणूनच सगळ्यांनी त्यांना प्रमुख नेमलं होतं.

“इतक्या लांबून पाठमोरा तर मी माझ्या नवऱ्यालाही ओळखलं नसतं,” त्या म्हणाल्या होत्या. लोक हसले होते, आणि दोघे तिथेच फिरले होते.

डग्लस खाटीक मात्र अडून बसला होता.

“मला एकच सांगा, बाई. ह्याने आधी कुठे हात मारलाय का? कोर्टात ते आपल्यापासून का लपवतात? बैल घ्यायचा तरी आम्ही आधी चौकशी करतो.”

“ते कळलं तर आपण पुरावा बघणार नाही, म्हणून.”

“मी बघेन की. एवढा खुळा वाटलो का?”

मॉरीनबाईंची एक जुनी गोष्ट फक्त त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होती, आणि तो जाऊन सहा वर्षं झाली होती. ती आज उपयोगी पडेल, असं त्यांना वाटलं.

“विसाव्या वर्षी मी तुरुंगात होते,” त्या म्हणाल्या. “तीन महिने. जिच्या घरी कामाला होते, त्या म्हातारीच्या अंगठ्या मी चोरल्या होत्या. आता बोला, सकाळपासून मी जे सांगितलं ते चुकीचं ठरलं का?”

“छे, असं कसं?” पोस्टातली ग्लेनिस लगेच म्हणाली. “किती जुनी गोष्ट.”

कोणीतरी चहा केला. पहिला कप मॉरीनबाईंना दिला. सगळे फार चांगले वागले.

मग ग्लेनिसच म्हणाली, “तरी पण ती शेजारीण उगीच कशाला कोणाचं नाव घेईल?”

हा मुद्दा सकाळीच मिटला होता. मॉरीनबाईंनी तो पुन्हा समजावला, त्याच शब्दांत. या वेळी लोक टेबलाकडे बघत ऐकत होते.

“तुम्हाला त्याची कणव येणारच, मॉरीनबाई,” शाळामास्तर म्हणाला. “साहजिक आहे.” त्याने ते मनापासून म्हटलं होतं.

त्यानंतर त्या काही सांगू लागल्या, की कोणीतरी समजुतीने मान हलवायचं, आणि बोलणं पुढे सरकायचं.

साडेचारला त्यांनी शेवटची फेरी घेतली.

“‘दोषी’ म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

दहा हात वर गेले. त्यांनी दोनदा मोजले. दहा पुरेसे होते. हात वर न करणारे दोघेच होते. एक त्या स्वतः. दुसरा डग्लस.

“अहो, तुम्ही तर त्याला दोषी म्हणत होतात ना?” ग्लेनिसने विचारलं.

“होतो,” डग्लस म्हणाला. “पण बाईंचं ते तुरुंगाचं ऐकल्यापासून त्यांचा एक शब्द माझ्या कानात शिरलेला नाही. माझ्यासारख्या माणसाने कोणाला आत टाकू नये.”