सावलीची साक्ष

"झाड काढा, नि त्याची सावली बी काढा," सहदेव चित्रकाराला बजावत होता. "पडते तेवढीच. कमी नाय, जास्त नाय."

मुंबईचा हा चित्रकार निघाला होता कोंडाण्याची लेणी रंगवायला. वाटेत जयवंता नावाच्या बाईच्या आंब्यापाशी थबकला आणि तिथेच त्याने तिपाई मांडली. आश्विनातलं ऊन नि त्यातली ती गर्द सावली, एवढ्यावरच गडी भाळला.

त्याच सावलीवरून गावात दोन वर्षं भांडण चालू होतं. आंबा जयवंताच्या बांधावर, पण उन्हं कलली की सावली शेजारच्या सहदेवच्या खाचरात. "तिथं भात भरत नाय. त्या सावलीचा मला काडीचा उपयोग नाय, झाड तोडा," हे त्याचं पालुपद. पंच पाहायला येत ते सकाळी, आणि सकाळी सावली जयवंताच्याच शेतात असे. शेवटी पंचांतले वडीलधारे आबाजी म्हणाले, "हा परका मानूस. दिसंल तेच काढंल. चित्र बघून निकाल देऊ."

आंबा जयवंताच्या नवऱ्याने लावलेला. तो गेल्यापासून ती झाडाशीच बोलत असे. झाड तुटलं तर बोलायचं कुणाशी?

आणि तरी चित्रकाराला तिनेच सुचवलं, "दादा, दुपार टळल्यावर बसा. सावली तवाच बघण्यासारखी असते." बाई आपल्याच पायावर धोंडा पाडून घेते, असं गाव म्हणालं.

सहदेव तर पाच दिवस तिथून हलला नाही. चित्रकाराने सावली आखडती घेऊ नये म्हणून पहाऱ्यालाच बसला. जयवंता त्याला रोज तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तांब्याभर ताक नेऊन देई. "भांडण बांधाचं हाय भावजी, पोटाचं नाय," म्हणे. फुकटचं बिरडं सहदेवने कधी परत पाठवलं नाही. चित्रकार मात्र हट्टी, पुरं झाल्याशिवाय चित्र कुणाला दाखवेना.

सहाव्या दिवशी मारुतीच्या देवळात चित्रावरचं फडकं निघालं. सावली सहदेवच्या खाचरात चांगली लांबलचक पसरली होती. सहदेवने मिशीवरून हात फिरवला. "बघितलंत? आता घाला कुऱ्हाड."

आबाजींनी चष्मा पुसला आणि चित्राला नाक लावलं.

"सावली तुझ्याच खाचरात, कबूल. काडीचा उपयोग नाय म्हनतोस. मग तिच्यात घोंगडी हांतरून, तोंड उघडं टाकून पडलाय तो कोन रं?"

सगळे वाकले. लाल मुंडासं उशाला, पोटावर हात, शेजारी रिकामा तांब्या. देवळात हसण्याचा एकच गलका उठला.

जयवंताने पदर तोंडाला लावला.

"हळू हसा आबाजी. भावजींची झोप मोडंल."