एकाहून अधिक परीक्षार्थी

वत्सलाबाई एम.ए. मराठीच्या तोंडी परीक्षेत नापास झाल्या.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. परीक्षा अजून सुरू व्हायची आहे, तंजावुरात सकाळची कॉफी नुकतीच होते आहे, आणि वत्सलाबाईंचे यजमान रघोजीराव दारावरच्या घंटेला टॉवेल गुंडाळत आहेत.

परीक्षा फोनवर होती. विद्यापीठ महाराष्ट्रात, वत्सलाबाई कावेरीकाठी, आणि मधलं सगळं अंतर विद्यापीठाने माफ केलं होतं. केव्हाही शिका, कुठेही शिका. प्रश्न यंत्र विचारणार, उत्तरं यंत्र ऐकणार, गुणही तेच देणार. अट एकच, खोलीत दुसरं कुणी नको. म्हणून रघोजीरावांनी समोरच्या शेषाद्रींच्या कुत्र्याला इडल्या खिलवून झोपवलं होतं, आणि कोथिंबीरवालीला "आज आम्ही घरी नाही" असं ते स्वतः जाऊन सांगून आले होते.

वत्सलाबाई जवळच्या पापनाशम गावच्या शाळेत गणित शिकवत, तेही तमिळमधून. मराठी घरात, आणि घरातही नुसती तोंडात. तीनशे वर्षं घरात राहिलेली ही भाषा त्यांना वाचता येत नव्हती. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बाराखडी गिरवली आणि थेट एम.ए.ला नाव घातलं. मधल्या इयत्ता त्यांना भेटल्याच नाहीत. आता आपली भाषा आपल्याला येते, एवढं सांगणारा एक कागद त्यांना हवा होता.

व्याख्यानं संध्याकाळी, इडलीचं वाटण चाललेलं असताना. इअरफोन एकच. एक टोक वत्सलाबाईंच्या कानात, दुसरं पीठ वाटणाऱ्या रघोजीरावांच्या. वेळ वाचावा म्हणून वत्सलाबाई व्याख्यान दीडपट वेगाने लावत. त्यामुळे पुण्याकडचे सगळे प्राध्यापक गाडी सुटत असल्यासारखे बोलतात, अशी वीज मंडळातून निवृत्त झालेल्या या माणसाची दोन वर्षं समजूत होती.

"आत जाऊ?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"जा. आणि त्यांच्या मराठीत बोल. आपलं नको."

"आपलं म्हणजे?"

"'काय करुलालीस' वगैरे. यंत्र लहान आहे अजून, घाबरेल."

दार लागलं. रघोजीराव बाहेर उभे राहिले, शक्यतो श्वास न घेता.

"नमस्कार," यंत्र म्हणालं. आवाज बाईचा होता आणि वेग साधा. रघोजीरावांना ती बाई आजारी वाटली. "आपण खोलीत एकट्या आहात का?"

वत्सलाबाईंनी संतकाव्य पाठ केलं होतं, बखरी पाठ केल्या होत्या. 'हो' हा शब्द पाठ करायचा राहिला होता. जन्मभर बसमध्ये, बाजारात, मुख्याध्यापकांपुढे जे बाहेर आलं, तेच आताही आलं.

"आमा."

तमिळमध्ये याचा अर्थ हो. यंत्राला तमिळ शिकवलेलं नव्हतं.

"आपण 'आम्ही' म्हणालात. आपण किती जण आहात?"

"अय्यो, आमा म्हणजे..."

"पुन्हा 'आम्ही'. एकाहून अधिक परीक्षार्थी आढळले आहेत. परीक्षा रद्द करण्यात येत आहे. धन्यवाद."

दार उघडलं. वत्सलाबाई रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "अहो, त्याला कमी ऐकू येतं."

"आक्षेप घे. बटण आहे तिथे."

"तुम्हांला काय माहीत?"

"पहिल्याच तासाला सांगितलेलं. तू भात उतरवायला गेलेलीस."

बटण खरंच होतं. वत्सलाबाईंनी आमाचा अर्थ सांगितला, अगदी फळ्यावर सांगतात तसा. यंत्राने तो शांतपणे ऐकून घेतला.

"आपला आक्षेप मान्य आहे. परीक्षा आताच पुन्हा घेता येईल. त्यासाठी जाहीर करा, की हा संपूर्ण अभ्यासक्रम आपण एकटीने पूर्ण केला आहे. फक्त 'हो' म्हणा. अन्यथा 'नापास' हा निकाल कायम राहील."

रघोजीराव ओठांनीच 'हो' करून दाखवू लागले. शेवटी त्यांनी हातही जोडले. त्यांच्या कानाच्या पाळीला कालचं पीठ वाळून चिकटलेलं होतं.

"म्हण की," ते कुजबुजले. "दोन वर्षं फुकट जातील."

"कुणाची?" वत्सलाबाईंनी विचारलं.

मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. मागच्या सत्रात जुन्या दरबारी पत्रांचा एक धडा होता. तो दोघांनाही फार आवडला होता, इतका की नंतर आठवडाभर घरात मीठसुद्धा त्याच भाषेत मागितलं जायचं.

"राजमान्य राजश्री कुलसचिव यांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि रघोजीराव आपोआप ताठ उभे राहिले. "आपले यंत्राने परीक्षार्थी मोजण्यात कसूर केली नाही. तरी निकालपत्री दुसरे नाव रघोजीराव, राहणार तंजावूर, ऐसे चढवावे. नापास करणे ते उभयतांस करावे, पदवी देणे ती उभयतांस मिळोन एक द्यावी. आणि परीक्षा पुन्हा घेणे जाहल्यास दोघांस एके ठायी बसवावे, व एकास उत्तर न आल्यास दुसऱ्याने हळूच सांगावयाची मुभा असावी, ही विनंती."