सोळावा फेरा

सोळाव्या फेऱ्याला मोटार घुमली, कण्हली आणि बंद पडली. लाल दिवा लागला.

यशोधरानं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा सोळा. व्हॉल्व पुरता बंद व्हायला अठ्ठावीस फेरे लागतात. तिसऱ्यांदाही मोटार सोळालाच अडली, तेव्हा तिनं इंजिनिअरला बोलावणं धाडलं.

साखर कारखान्याच्या वाफेच्या लाइनवरचा हा व्हॉल्व. हातानं चाक फिरवायचे दिवस आता संपले. एकेका व्हॉल्वच्या डोक्यावर इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर, म्हणजे चाक फिरवणारी मोटार, बसत होती. नगरच्या एमआयडीसीतल्या कंपनीनं त्यासाठी यशोधराला पाठवलं होतं. पाठवलं कसलं, तिनंच हट्टानं हे काम मागून घेतलं होतं.

सहा वर्षांपूर्वी याच व्हॉल्ववर तिचा बाप होता, रंभाजी. ऐन गाळपात वाफेच्या पाइपचा पुढचा जॉइंट फुटला. खाली पुंजाराम होता, रंभाजीचा जिवाभावाचा जोडीदार. व्हॉल्व वेळेत बंद झाला नाही, आणि पुंजाराम वाफेत भाजून गेला. चौकशीत रंभाजीनं आपल्या तोंडानं सांगितलं, "मी घाबरलो. चाक सोडून पळालो." झालं! आयती कबुली मिळाल्यावर व्हॉल्व खोलून बघतो कोण? लोकांनी व्हॉल्वला लिंबू-मिरची बांधली आणि अपशकुनी म्हणून कायमचा उघडा सोडून दिला. वाफ मागच्या दुसऱ्या व्हॉल्वनं बंद करायला लागले. रंभाजीची नोकरी गेली. गावानं नाव पाडलं, पळपुट्या.

यशोधरानं ती कबुली कधी मानलीच नाही. त्या दिवशीचे बापाचे तळहात तिनं पाहिले होते. चाक धरून धरून कातडी सोलून निघाली होती. पळालेल्या माणसाचे हात असे सोलतात होय? पण विचारलं की रंभाजी एकच म्हणायचा, "जाऊ दे, यशे." पुंजारामची बायको बायडाबाई वाटेत दिसली की थुंकून तोंड फिरवायची, आणि हा मान खाली घालून रस्ता सोडायचा. ते बघून यशोधराचं काळीज तुटायचं.

पुंजारामचा मुलगा सचिन बापाच्या जागेवर कारखान्यात लागला होता. आज नेमका तोच तिच्या मदतीला दिलेला. सकाळपासून पाना दे, पाना घे, यापलीकडे तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

इंजिनिअर सुहाससाहेब आले. त्यांनी लाल दिवा पाहिला आणि म्हणाले, "खोला."

सचिननं बोल्ट काढले. आत गंजाचा बोटभर थर जमला होता. दांडा वाकलेला होता.

"अहो, हा कित्येक वर्षं खोललेलाच नाही," साहेब म्हणाले. "सहा वर्षं सोडा, त्याच्याही आधीचा गंज आहे हा. ही मोटार चार माणसांचा जोर लावते. तिला जमलं नाही, तिथं एकटा माणूस काय करणार होता?"

यशोधराला रडू आवरेना. सहा वर्षं बापानं खाल्लेल्या शिव्या एका दिव्यानं पुसल्या होत्या.

"हे लिहून द्या, साहेब."

"देतो की. पण ऑफ सीझनला प्रत्येक व्हॉल्व खोलून साफ करायचा आणि फिटरनं रजिस्टरला सही करायची, असा नियम आहे. मग न खोलताच याच्या नोंदीपुढं सही ठोकली कुणी? खरा गुन्हेगार तो."

"काढाच ते रजिस्टर!" यशोधरा म्हणाली. "कळू दे सगळ्या गावाला."

सचिननं पाना खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मी आणतो," तो म्हणाला. "माझा बाप ज्यानं मारला, त्याचं नाव मला बघायचंय. आणि यशाताई, काकांना सांग, आज मी आईला घेऊन येतो. लई वाईट वागलो आम्ही."

तो स्टोअरकडं जवळजवळ पळतच गेला. यशोधरानं तिथूनच घरी फोन लावला.

"आबा, व्हॉल्व अडकलेला होता! सोळाव्या फेऱ्याला अडतो. साहेबांनी खोलून बघितला. तुम्ही पळाला नव्हता, आबा!"





"मला ठावं हाय, यशे," रंभाजी म्हणाला. "सोळाव्यालाच. जीव तोडून फिरीवला म्या."

"मग खोटं का बोललात?"

"व्हॉल्व खोलला असता, तर रजिस्टर निघालं असतं. सही पुंजारामची हाय. न खोलता सही मारायची, तवा समदेच मारायचे. तो एकटा न्हवता. पन चूक त्याच्या नावावर निघाली असती, तर त्याच्या पोराला कामावर घेतलं असतं का कुनी? आन बायडाबाईनं काय समजून जगायचं? नवरा आपल्याच चुकीनं मेला म्हनून? त्यापरीस मला शिव्या देती हाय, ते बरं हाय. साहेबाच्या पाया पड, बाई. तेवढं रजिस्टर काढू देऊ नको."

फोन कानाला तसाच धरून यशोधरा स्टोअरकडं धावली.

स्टोअरच्या दारातून सचिन बाहेर आला होता. रजिस्टर त्याच्या हातात उघडं होतं, आणि आवाराच्या मधोमध तो चालायचा थांबला होता.