जबडा बसवताना

उघडं तोंड पदराने झाकून मी धाकट्या जावेच्या, कुमुदच्या दारात उभी राहिले. जांभई देताना जबडा निखळला होता आणि डॉक्टर परगावी गेले होते. असं पूर्वीही एकदा झालं होतं. तेव्हा घरात कुणाला तरी येत असावं म्हणून डॉक्टरांनी कुमुदला जबडा बसवायला शिकवलं. तिचे अंगठे बळकट होते. पुढे सासूबाई गेल्या. वाटणीत पाटा तिच्याकडे गेला, वरवंटा माझ्याकडे आला आणि आमचं बोलणं बंद झालं.

कुमुद माझ्याकडे बघत राहिली. दार लोटून घेईल, असं मला वाटलं. तिने हात पुसले, मला भिंतीला टेकवून बसवलं आणि दोन्ही अंगठ्यांना फडकी गुंडाळली.

"तोंड मिटताना चावू नका, जाऊबाई. चावलात तर पुन्हा काढून ठेवीन."

तिने खालच्या दाढा अंगठ्यांनी दाबल्या आणि जबडा मागे ढकलला. खट्कन आवाज होऊन तोंड मिटलं. मी उठले.

"थांबा. काहीतरी बोला. नीट बसलाय का, कळायला हवं."

इतक्या वर्षांचं सगळं जिभेवर आलं. मी म्हटलं, "तुझ्या हातांना कांद्याचा वास येतोय."

"आता तुमच्या लाळेचाही येईल. महिनाभर मऊ भात खायचा. रोज इकडेच या जेवायला."

डॉक्टरांनी तेव्हा दोन-चार दिवसच सांगितले होते. मला चांगलं आठवत होतं. मी विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"