शहाणं बाळ

चादरीत हातांसकट गुंडाळलेल्या रोशनीच्या तोंडात सोबत शिकणाऱ्या सोनिकाने खिचडीचा आणखी एक घास कोंबला. आधीचा अजून गिळून झाला नव्हता. बेसा भागातल्या पाळणाघरात नव्या बायकांचं प्रशिक्षण सुरू होतं, आणि आज बाळ बनायची पाळी रोशनीची होती. बोलायचं नाही, हात सोडवायचे नाहीत. सोनिकाने न विचारता तिचं तोंड खसाखसा पुसलं, न सांगता तिला कुशीवर लोटलं. आधीच्या बायकांनी अशा वेळी माना फिरवल्या होत्या. एक तर चक्क रडली होती. रोशनी मात्र भिंतीकडे बघत पडून राहिली. हळूहळू तिला काही वाटेनासंच झालं.

"बस," शिकवणाऱ्या वेदिका मॅडम म्हणाल्या. "रोशनी, तू काहीच का केलं नाहीस?"

"करून काय फायदा, मॅडम? कोणी ऐकूनच नव्हतं राहिलं."

वेदिका मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या. "बाळाचंही असंच होतं," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "रडलं तरी कोणी येत नाही हे कळलं, की ते रडणं सोडतं. मग लोक म्हणतात, किती शहाणं बाळ!"

रोशनीची दीड वर्षांची नूपुर अख्ख्या गल्लीत शहाणी म्हणून नावाजलेली होती. सासू मीराबाई गुडघ्यांनी अधू. पोर जिन्यावरून पडू नये म्हणून ती तिचा पाय ओढणीने खाटेला बांधून ठेवायची. रोशनीला ते ठाऊक होतं. दुसरं कोणी सांभाळणारं नव्हतं.

ती तशीच निघाली. इतवारीत हातगाड्यांच्या गर्दीत ऑटो अडकला, तेव्हा उतरून पायीच सुटली.

नूपुर खाटेला टेकून बसली होती. आईला पाहूनही तिने हात पुढे केले नाहीत. रोशनीने पायाची गाठ सोडली. झटकन उचलून घेतलं नाही. समोर जमिनीवर बसली, तिच्या डोळ्यांत बघितलं.

"तुले बांधून ठेवलं होतं ना, बाई? लय राग आला ना तुले?"

पोर बघत राहिली. मग तिचा ओठ थरथरला, आणि तिने असं भोकाड पसरलं, की मीराबाई भिंत धरत धरत बाहेर आली.

"काहून रडवून राहिली वं तिले? चूप कर ना!"

रोशनीने लेकीला छातीशी घट्ट धरलं. तिचेही डोळे वाहत होते.

"रडू द्या, आई. हाक मारून राहिली मले."