बिचारा उंदीर

प्रयोगशाळेतल्या जाड्या उंदराला इंदूबाईंनी ओंजळीत उचलून वजनकाट्यावर ठेवलं. भोवती विद्यार्थी जमले होते.

"याला हावरट म्हणू नका," दाबके सर कळवळून सांगत होते. "पोट भरलं तरी मेंदूतल्या मूठभर पेशी याला खायला लावतात. बिचाऱ्याचा काय दोष? त्या पेशींना गप्प करणारं औषध आपण शोधतोय."

मग शोधनिबंध छापून आल्याचे पेढे सरांनी स्वतः वाटले. इंदूबाईंपुढे आलेला पुडा मात्र त्यांनी मागे घेतला. "तुम्ही नको, बाई. अंग बघा जरा. माणसाचा मनावर ताबा हवा." पोरं फिदीफिदी हसली.

इंदूबाई सकाळपासून अर्ध्या भाकरीवर होत्या. आठ वर्षं उंदरांच्या मेंदूत डोकं घालून बसलाय आणि अक्कल काडीची नाही, असं मनात म्हणत त्यांनी पिंजरा झाडायला घेतला.

दुसऱ्याच दिवशी अनुदान देणाऱ्या संस्थेच्या मॅडम पाहणीला आल्या. पिंजऱ्यापाशी थबकून त्यांनी विचारलं, "हा एवढा जाड कशाने झाला?"

सर घसा खाकरून सुरू करणार, तोच उंदरापुढे दाणे टाकत इंदूबाई म्हणाल्या, "मनावर ताबा नाही मेल्याचा. सरांनीच सांगितलंय काल."