चौथी भाषा

"ही भाषा कुठल्या गावची, गुरुजी?" बंडप्पानं विचारलं.

"कुठल्याच गावची नाही," विष्णुपंत म्हणाले.

"मग ती राहती कुठं?"

"जो बोलेल त्याच्या तोंडात."

बंडप्पानं लगेच जीभ बाहेर काढली आणि तिरप्या डोळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. दुसरीचा वर्ग खिदळला.

उमरग्याच्या त्या शाळेत जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास असाच जायचा. हैदराबाद रस्त्यावरून एखादा ट्रक जाई. खिडकीतल्या उन्हात धूळ उठे आणि बराच वेळ तरंगत राही. तिच्याकडं बघत पोरं नवे शब्द म्हणत. भाषेचं नाव एस्पेरांतो. सगळ्या जगानं एकमेकांशी बोलावं म्हणून एका माणसानं ती रचली होती. सूर्य म्हणजे सूनो, चंद्र म्हणजे लूनो, पाणी म्हणजे आक्वो. वस्तूचं नाव 'ओ'नं संपतं एवढं कळल्यावर बंडप्पानं आपलं फडकं सोडून "भाकरो, ठेचो, कांदो" असं जाहीर केलं होतं.

वर्गात मराठी बोलणारी पोरं होती, महादेवीसारखी कानडी बोलणारी होती, हुसेनबीसारखी उर्दू बोलणारी होती. एरवी ती एकमेकांच्या बोलण्याची नक्कल करून भांडत. या तासाला मात्र सगळीच सारखी अडखळत. महादेवीनं तर शाळेत आल्यापासून तोंडच उघडलं नव्हतं. ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली तो शब्द होता 'लूनो'. म्हणताना तिनं छताकडं बोट केलं, आणि भर दुपारी अख्खा वर्ग पत्र्याखाली चंद्र शोधू लागला.

विष्णुपंत तुळजापूरच्या शाळेतून निवृत्त होऊन मागच्या वर्षी इथं आले होते. रस्त्याच्या कडेला एक खोली घेऊन एकटेच राहत आणि शाळेत बिनपगारी शिकवत. उमरग्यातच का, असं कुणी विचारलं तर "हवा मानवते," एवढंच सांगत.

खिडकीबाहेरच्या ओट्यावर वर्गातल्या चारुशीलेची आजी बसलेली असे. ट्रकांच्या रस्त्यावरून नातीला घरी न्यायला वनमालाबाई येत, त्या तास सुरू व्हायच्या आतच. मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसत. जुन्या वळणाच्या बाई. गुरुजींशी थेट बोलत नसत. काही विचारायचं तर नातीला पुढं करत.

"चारू, विचार तुझ्या गुरुजींना. पोरगी झोपेतसुद्धा असलंच बडबडते. ह्याचा उपयोग काय?"

खिडकीतून सगळं ऐकू येत असूनही चारुशीला निरोप घेऊन आत येई.

"आजीला सांग," विष्णुपंत फळ्याकडं बघत म्हणत, "उपयोग कळायला वेळ लागतो."

"आजी, गुरुजी म्हणतात की—"

"ऐकलं. बहिरी नाही मी."

पोरांना ही गंमत फार आवडे.

हेडमास्तर गुरुसिद्धप्पा लातूरहून बदलून आलेले, भले गृहस्थ. एका शुक्रवारी त्यांनी विष्णुपंतांना खोलीत बोलावलं.

"पालकांची कुरकुर वाढलीय, पंत. पोरांना धड मराठी येईना आणि ही चौथी भाषा कशाला, म्हणतात. त्यात तपासणी आलीय. सोमवारपासून हा तास पाढ्यांना."

विष्णुपंत भिंतीवरचं वेळापत्रक बघत राहिले.

"आणि एवढ्या मोठ्यानं का शिकवता हो? इथपर्यंत आवाज येतो."

"मागच्यांना ऐकू जावं म्हणून."

"मागं भिंत आहे की!"

विष्णुपंत हसले नाहीत. "थोडे दिवस द्या, साहेब. अजून 'ये', 'जा', 'बस' राहिलंय."

"पोरांच्या खेळासाठी एवढी विनवणी?"

"खेळ नाही. हे अर्धवट राहिलं, तर माझं उमरग्याला येणं फुकट जाईल."

गुरुसिद्धप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. "बरं. उद्या सकाळची शाळा. शेवटचा तास तुमचा. त्यापुढं मात्र नाही."

शनिवारी विष्णुपंतांनी 'ये', 'जा', 'बस' शिकवलं. हुसेनबीनं हुकूम सोडले आणि बंडप्पा बसला, उठला, दारातून गेला, ओट्याला वळसा घालून खिडकीतून आत आला. मग सगळेच हुकूम सोडू लागले. कुणी कुणाला बोलावतंय, कुणी कुणाला पाठवतंय. सकाळच्या उन्हात सगळा वर्ग नुसता वाहत होता. महादेवी चारुशीलेला पुन्हा पुन्हा बोलावत होती आणि ती आली की खुदकन हसत होती.

घंटा झाली. पोरं पांगली. विष्णुपंत एकेक शब्द सावकाश पुसू लागले. गुरुसिद्धप्पा कुलूप घेऊन दारात उभे राहिले.

बाहेर वनमालाबाई उठल्या. नातीला त्यांनी लिंबाच्या सावलीत थांबायला सांगितलं आणि खिडकीशी येऊन चौकट धरली. पहिल्यांदाच त्यांनी विष्णुपंतांकडं सरळ पाहिलं. मग एकेक शब्द जुळवत त्या म्हणाल्या,

"फ्रातो... वेनु हेय्मेन."

विष्णुपंतांचा हात फळ्यावर तसाच राहिला.

"काय म्हणाल्या बाई?" गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

"'दादा, घरी ये' म्हणाली." विष्णुपंतांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "माझी धाकटी बहीण. वडिलांच्या माघारी आमचं बिनसलं, तेव्हा तिनं तुळजापूरला देवीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. दादाशी मराठीत बोलणार नाही, कानडीत नाही, उर्दूत नाही. आमच्या घरात तेव्हा तेवढ्याच भाषा होत्या."